मदत हवी आहे: ‘काणकोण’ आणि ‘म्हापसा’ दोघांचेही उत्तर १८ कसे?

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी, सभासदांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापणारा एक लहान प्रोग्राम मी सी भाषेत लिहीत आहे. लिनक्स, जीसीसी आणि यूटीएफ-८ अशी मांडणी आहे. गावांची नावे वाइड स्ट्रिंगमध्ये (प्रत्येक चिन्हाला सारखीच ठरावीक जागा) असून छापण्यापूर्वी ती ‘डब्ल्यूसीएसटीओएमबीएस’ या फंक्शनने मल्टिबाइट (एका चिन्हाला एक किंवा अधिक बाइट) करून घेतो; ते फंक्शन लिहिलेल्या बाइटांची संख्या परत देते.

सुरुवातीला प्रत्येक नावाची लांबी १८४४६७४४०७३७०९५५१६१५ अशी येत होती. हा आकडा म्हणजे बिनचिन्ही प्रकारात गेलेले उणे एक, अर्थात रूपांतर फसल्याची खूण. प्रोग्राम सुरू होताना लोकेल (भाषा आणि लिपी यांची मांडणी) ‘सी’ असते आणि त्यात देवनागरी बसत नाही, हे कळल्यावर मेनच्या पहिल्याच ओळीत ती बदलणाऱ्या ‘सेटलोकेल’ फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली आणि ते निस्तरले. तेव्हा कृपया तेच उत्तर पुन्हा देऊ नये.

खरी अडचण पुढची आहे. रूपांतरित नाव ठेवण्याची जागा, म्हणजे बफर, २० बाइटचा आहे. ‘काणकोण’ दिले की १८ परत येतात आणि नाव नीट छापले जाते. ‘म्हापसा’ दिले तरी १८च परत येतात, पण छापले जाते ‘म्हापस’ आणि त्यापुढे कचरा. त्यातही गंमत अशी की त्याच बफरात आधी ‘काणकोण’ घालून मग ‘म्हापसा’ घातले, तर कचरा नाहीसा होतो आणि केवळ काना गळतो. परत आलेला आकडा बफरच्या आकाराहून कमी असला की स्ट्रिंग संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य पडलेलेच असणार, असे मी धरून चाललो होतो. नाव तुटले आहे हे प्रोग्रामला कळावे तरी कसे?

उत्तर

आपले ते गृहीतकच चुकीचे आहे. देवनागरीचा प्रत्येक संकेत (अक्षर, काना, मात्रा, हलन्त असे प्रत्येक सुटे चिन्ह) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. ‘काणकोण’चे संकेत ६, म्हणजे १८ बाइट, आणि शून्य धरून १९, ते २० मध्ये मावतात. ‘म्हापसा’मध्ये हलन्त आणि दोन काने धरून संकेत ७, म्हणजे २१ बाइट. हे फंक्शन अर्धा संकेत कधीच लिहीत नाही. त्यामुळे सहावा संकेत लिहून ते १८ वर थांबते, उरलेले दोन बाइट तसेच राहतात आणि शून्यही पडत नाही. कचरा नाहीसा होण्याचे कारण म्हणजे ‘काणकोण’चे जुने शून्य नेमके त्याच जागी शिल्लक होते.

त्याऐवजी ‘डब्ल्यूसीएसआरटीओएमबीएस’ वापरावे. त्याला मूळ स्ट्रिंगच्या पॉइंटरचा (स्मृतीतील ठिकाण दाखवणाऱ्या चलाचा) पत्ता आणि शून्याने भरलेली एमबीस्टेट (रूपांतराच्या स्थितीची नोंद) द्यावी लागते. शून्यासह सगळे लिहून झाले, तर तो पॉइंटर नल (कोणतेही ठिकाण न दाखवणारा) होतो; जागा संपली, तर न लिहिलेल्या पहिल्या संकेतावर उभा राहतो. बफरच्या जागी नल दिल्यास काहीही न लिहिता लागणाऱ्या बाइटांची संख्या मिळते आणि पॉइंटरही हलत नाही. त्या आकड्यात शेवटच्या शून्यासाठी एक मिळवून मॅलॉक करावे (तेवढी स्मृती मागून घ्यावी) आणि मग खरे रूपांतर करावे. उणे एकची तपासणी मात्र दोन्ही वेळा ठेवावी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. २० बाइटच्या बफरावर पाहिले, तर पॉइंटर बरोबर ‘म्हापसा’च्या शेवटच्या कान्यावर अडलेला होता. आता आधी २१ मोजून २२ बाइट घेतो आणि नाव पूर्ण येते.