मुंबईची रात्र: लोअर परळ-बांद्रा वगळा असं मी म्हणतो, तुमचं काय?

शेंगाचटणी

सुट्टी जोडून आली की आमच्याकडच्या पोरांची मुंबईची यादी ठरलेली असते. वंदे भारतनं सकाळी सहाला सोलापूर सोडायचं, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी, आणि मग एका रात्रीत मरीन ड्राइव्ह, कुलाबा, लोअर परळ, बांद्रा, जुहू सगळं उरकायचं. निम्मी रात्र टॅक्सीत जाते. उरलेली पबच्या दारात, "नुसत्या मुलांना प्रवेश नाही" हे ऐकण्यात.

माझं म्हणणं असं की एका रात्री एकच भाग धरा. आणि असा भाग धरा जो स्वतःच्या कामाधंद्यासाठी रात्री जागत असतो, तुमच्या बिलाकडं डोळे लावून नव्हे.

कुलाबा घ्या. फोर्टातली ऑफिसं सुटली की तो भाग भराभर रिकामा होतो, पण ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँच्या शेगड्या तेव्हाच पेटत असतात. १९४६ पासूनचं नाव. गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून लोक उभ्याउभ्या खातात, त्यात मोठ्या हुद्द्याचे साहेब पण असतात. तिथून चालत मरीन ड्राइव्हला जा, सायकलवरचा चहा घ्या, कठड्यावर बसा. बसण्याचे पैसे नाहीत.

मोहम्मद अली रोडची खरी रात्र रमजानची. मिनारा मशिदीच्या बाजूला नल्ली निहारी, मालपुवा, फिरनी. घरच्या बायका, लेकरं, म्हातारे सगळे रस्त्यावर, सेहरीपर्यंत. बाकीच्या महिन्यांत मुद्दाम जाऊ नका. लालबागचंही तसंच, गणपतीचे दहा दिवस. आणि दादरला शिवाजी मंदिरात रात्रीचा प्रयोग बघा, सरळ झोपा, आणि पहाटे चारला उठून फुलबाजारात जा. दादरला मधल्या वेळात बघण्यासारखं काही नाही, उगाच फिरू नका.

लोअर परळ आणि बांद्र्याला मात्र तुम्ही भाड्यानं जागा घेतल्यासारखे बसता. बार दीडला बंद. २०२० च्या जानेवारीत मुंबई चोवीस तास उघडी ठेवायचं धोरण आलं, तेव्हाही मुभा मिळाली ती मॉल आणि गिरण्यांच्या आवारातल्या खाण्याच्या जागांना. बारची वेळ दीडचीच राहिली. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागलं ते वेगळंच. शिवाय बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण पाहिजेत. कॉलेजच्या पोरांनी एवढा खर्च करून तिथं काय बघायचं?

जुळेसोलापूरकर

काका, तुम्ही सांगितली ती खाद्ययात्रा झाली. रात्रीची मजा म्हणजे नुसतं खाणं का? निहारीच पाहिजे तर रमजानमध्ये सोलापुरातच विजापूर वेशीत जातो की, वंदे भारतचं तिकीट कशाला काढू?

आम्ही बांद्र्याला जातो ते गाण्यासाठी आणि अनोळखी राहण्यासाठी. सोलापुरात नव्या पेठेत मैत्रिणीबरोबर कॉफी प्या, पाव्हण्यांपैकी कुणीतरी घरी फोन करतंच. बांद्र्यात हिल रोडला, कार्टर रोडला कुणाला पडलेली नसते. मुलगी एकटी टेबलावर बसली तरी वेटर नुसता पाणी आणून ठेवतो. माझ्या वयाला ही चैन कबाबापेक्षा मोठी वाटते. आणि प्रत्येक पबात कपलचीच अट असते असंही नाही. वाद्यवृंद असेल त्या दिवशी तिकीट काढून कुणीही आत जातं. आधी चौकशी करायची बास.

तिसरी_पाळी

दोघांनाही विरोध.

शेंगाचटणीराव म्हणतात लोअर परळ वगळा. अहो, सोलापूरच्या माणसानं मुंबईत रात्री कुठं जायचंच असेल तर तिथंच. माझे वडील सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, चुलते परळला गिरणीत. त्या भागाची रात्र पबवाल्यांनी चालू केली असं तुम्हाला वाटतं का? रात्रपाळीला भोंगा व्हायचा, पाळी सुटलेले खानावळीत, पाळीला निघालेले चहाच्या दुकानात. लालबागला हनुमान थिएटरात तमाशा. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख त्याच वस्तीत डफ घेऊन उभे राहायचे आणि चाळीच्या चाळी खाली उतरायच्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढं गिरण्या कशा बंद पडल्या ते सगळ्यांना माहीत आहे.

आज त्याच आवारांत काचेचे दरवाजे आहेत. जुन्या दगडी भिंती, उंच छपरं मुद्दाम ठेवलीत, 'इंडस्ट्रियल लुक' म्हणे. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, चौदा माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा धड नव्हत्या. गिरणीत आग लागली तर कुणी कुठून पळायचं हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पहिल्या आठवड्यात दाखवायचा, असं चुलते सांगायचे.

म्हणून जा. आत शिरल्यावर पहिल्यांदा दुसरा दरवाजा कुठं आहे ते बघा, मग काय मागवायचं ते मागवा. आणि सोलापुरात आपल्या गिरण्यांच्या जागांचं काय झालं ते परत आल्यावर बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

कडक_भाकरी

एवढं वाचून भूक लागली. आपल्या सोलापुरात सात रस्त्याला आत्ता काय उघडं असेल का?

परळची_सून

माहेर सोलापूर, अक्कलकोट रोड. सासर परळ. मला या सगळ्याच चर्चेचा थोडा राग येतो.

तिसरी पाळी दादा, भोंग्याची आठवण तुम्हाला गोड वाटते, माझ्या सासूबाईंना विचारा. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत पोरांना दिवसभर गप्प बसवायचं. आता पाळी नाही, पण आमच्या खिडकीखाली रात्री दीडला तुमचे बार सुटतात. दोन रांगांत गाड्या, हॉर्न, भांडणं, मध्येच कुणाचा तरी वाढदिवस. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियम मंडपवाल्यांना लगेच आठवण करून देतात. मोकळ्या गच्चीवरच्या गाण्याला कुणी काही म्हणत नाही.

आणि फुलबाजार "बघायला" जा म्हणणारे काका, तिथल्या बायका कर्जत-कसाऱ्याकडून पहिली गाडी धरून आलेल्या असतात, डोक्यावर पाटी असते. अरुंद जागेत तुम्ही मोबाइल काढून मध्ये उभे राहता. किलोभर शेवंती घ्या आणि बाजूला व्हा.

जुळेसोलापूरकर, एक मात्र तुझं पटलं. मुंबईत रात्री अकराला मी एकटी लोकलनं येते, बायकांच्या डब्यात पोलीस असतो, मला भीती वाटत नाही. माहेरी स्टेशनवरून त्याच वेळी घरी जायचं तर भावाला बोलावते.

शेंगाचटणी

ताई, शेवंतीचं मान्य, विकत घेऊनच फिरावं. पण झोपमोडीचा तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की. मी तेच म्हणतोय, वस्तीत घुसून दारू पिण्यापेक्षा मरीन ड्राइव्हला बसा, तिथं कुणाची खिडकी डोक्याशी नाही.

जुळेसोलापूरकर, अनोळखी राहायचं तर कठड्यावरही राहता येतं. फुकट.

आणि एक भाग धरा असं का म्हणतो, त्याचं कारण वाहन. शेवटची लोकल एकच्या आसपास, पहिली चारच्या पुढं. कफ परेड ते आरे भुयारी मेट्रो झाली, पण तीही रात्री साडेदहापर्यंतच. बाराच्या पुढं काळ्यापिवळ्या टॅक्सीला पंचवीस टक्के जादा. म्हणजे एक ते चार तुम्ही जिथं आहात तिथंच अडकलेले असता. अडकायचंच तर चांगल्या जागी अडका.

जुळेसोलापूरकर

काका, तुमच्याच हिशेबानं तुम्ही हरताय. दक्षिणेला रिक्षा चालतच नाही, माहीम-शीवच्या अलीकडं तिला परवानगी नाही. कुलाब्यात अडकलात तर टॅक्सीशिवाय इलाज नाही. उलट बांद्रा, अंधेरी, वर्सोव्याला रात्रभर रिक्षा. चौघांत वाटून घेतली तर चहाच्या पैशात पडते. लॉजही उपनगरात स्वस्त. मग कमी पैशात रात्र काढायची तर कुठला भाग धरायचा, तुम्हीच सांगा.

जुहू चौपाटीवर भेळ पण मिळते, तुमच्या समाधानासाठी.

शेंगाचटणी

जुहूची भेळ महाग आणि पुचाट. आपल्या पार्क चौपाटीवरची याच्यापेक्षा बरी. रिक्षाचा मुद्दा बरोबर आहे, पण सीएसएमटीला उतरणारा माणूस सामान घेऊन आधी अंधेरी गाठणार आणि परत गाडीला सीएसएमटीला येणार, ते भाडं कोण धरणार?

तिसरी_पाळी

लोकलनं जा की, अकराच्या आत. एवढं काय बे.

बाळीवेशीतला

मी वेगळाच विरोध नोंदवतो. मुंबईचे भाग कशाला मोजताय? २०१७ चा दुकानांचा कायदा अख्ख्या राज्याचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं परत स्पष्ट केलं की दारूच्या जागा सोडून बाकी दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. हे सोलापूरलाही लागू. एमआयडीसीत रात्री यंत्रमाग चालतात, टॉवेल-चादरीची पाळी सुटते, त्या माणसाला खायला स्टेशन नाहीतर एसटी स्टँड. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत अख्खं गाव रात्री उशिरापर्यंत होम मैदानावर असतं, तेव्हा कुणाला काही होत नाही. मग वर्षभर अकराला शटर खाली का?

परळची_सून

कारण उघडं ठेवायला गिऱ्हाईक पाहिजे आणि गिऱ्हाईकाला घरी जायला वाहन पाहिजे. सोलापुरात रात्री दहानंतर सिटी बस धरून दाखवा, मग हॉटेलाचं बोलू.

बाळीवेशीतला

ताई, बस येईपर्यंत थांबलो तर हॉटेल आमच्या नातवाच्या काळात उघडेल. आधी एक चौक उघडा ठेवा, रिक्षावाले आपोआप येऊन उभे राहतात. रमजानमध्ये विजापूर वेशीत येतातच की.

कडक_भाकरी

सात रस्त्याचं कुणी सांगितलं नाही अजून.