आधी पेट्रोल येतंय का ते पाहा

भाऊ, सेल्फवर गाडीचं इंजिन फिरतं पण पकडत नाही, स्पार्क चांगला, प्लग मात्र कोरडे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पेट्रोल पोचतच नाहीये. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायची घाई नको.

आधी टाकीचं झाकण काढून सेल्फ मारा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. फरक नाही पडला तर कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देते ती) वायर काढा (ठिणगीशी खेळ नको, बिडीवाला मदतनीस तर अजिबात नको) आणि सेल्फ मारायला सांगा. ठोक्याठोक्याने पेट्रोल आलं तर पंप ठीक. मग कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणारी फ्लोटची सुई अडकलीय किंवा जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) कचरा आहे. नाही आलं तर फिल्टर आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप बघा. तो तडकला की पंप नुसती हवा ओढतो, आणि बाहेर थेंबही गळत नाही! माझं हेच निघालं होतं, तेही नवा पंप घातल्यावर.

गाडी फक्त दुपारीच रुसते का? नवतप्यातल्या (मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांतल्या) नागपुरी उन्हात पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप अडतो. मग पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा.