अपूर्णांकांनी कुणाकुणाला रडवलंय? अनुभव लिहा

निमकी:
काल वाण्याकडे गेले होते. नेहमीचे काका नव्हते, त्यांचा नातू बसलेला गल्ल्यावर. म्हटलं पावणेदोन किलो साखर दे रे. तो नुसता बघत राहिला. "काकू, नक्की किती?" एक पूर्णांक पंच्याहत्तर म्हटल्यावर लगेच काट्यावर घातली आणि वर मलाच, "असं सांगायचं ना मग!"

घरी येईपर्यंत हसत होते आणि मग एकदम सहावीचा वर्ग आठवला. फळ्यावर १/२ + १/३, आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं २/५. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात, मला तर ते फार नीटनेटकं वाटलं होतं. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तुकडा खाल्लास, आणि पोटात गेली अर्ध्याहून कमी? भाकरी गेली कुठे गं?" वर्ग खो खो. दहावीपर्यंत माझं नाव 'दोन पंचमांश'. गेल्या वर्षी एका लग्नात एक जण भर पंगतीत याच नावाने ओरडला.

मला लागलं ते वेगळंच. आमची पिठाची गिरणी होती, शाळेतून आल्यावर मीच बसायचे. किलोला साठ पैसे दर, अडीच किलोचं दळण आलं की दीड रुपया, पावणेतीनचे एक पासष्ट, तोंडातून आपोआप यायचं. एकदाही चुकले नाही. मग फळ्यासमोर काय व्हायचं?

तुमचं काय? लिहा.

काठावर_पास:
माझा अनुभव एका ओळीत. छेद समान करा म्हणून सांगितलं, मी दोन्हीकडे खोडून ५ लिहिला. समान झाले.

निमकी:
😂😂 बरोबर आहे की, सांगितलं तेच केलंस

गुंठामंत्री:
आमचं शिक्षण सातबाऱ्यावर झालं. जुन्या उताऱ्यात पणजोबा आणि त्यांच्या दोन भावांच्या नावापुढे ०-५-४ लिहिलेलं, मला वाटायचं काहीतरी खाते नंबर असेल. आजोबांनी ओसरीवर सोळा चिंचोके मांडले, म्हणाले हा सोळा आण्याचा सगळा मळा. तिघांना पाच पाच, एक उरला. मग त्या एकाच्या जागी बारा गहू ठेवले, आण्याच्या बारा पै, तिघांना चार चार. पाच आणे चार पै. संपलं. पुढे शाळेत सरांनी १ भागिले ३ करून ०.३३३ लिहीत फळ्याच्या टोकापर्यंत नेलं आणि म्हणाले हे कधी संपत नाही, तर मी उठून म्हणालो आमच्या आजोबांचं संपतं. अंगठे धरून उभा केला.

आता त्यातल्या एका हिश्शाचे चार वारस झालेत, एकेकाला एक आणा चार पै. हिशेब अजूनही चोख बसतो, बांध कुठून घालायचा एवढंच कोर्टात आहे.

पोळपाट:
पण पावणेदोनच किलो का?? दोन घ्यायची ना सरळ

कंचेभागुबेव:
माझ्या आयडीवरून कळलंच असेल. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. स्कॉलरशिपच्या तासाला रोज घोकायचो (तेव्हा परीक्षा चौथी आणि सातवीला असायची, पुढे २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली होती). तो 'चे' सगळ्यांचा घात करायचा. १२ ÷ १/२ चे ६. अख्ख्या वर्गाचं उत्तर १४४, एकट्या मागच्या बाकावरच्या पोराचं ४. बरोबर त्याचं होतं, अर्ध्या चे सहा म्हणजे तीन, ते आधी, मग बारा भागिले तीन. सरांना वाटलं त्याने कॉपी केली. अरे पण कुणाची करणार, बाकी सगळ्यांचं १४४ होतं!

शिवणकाकू:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आई शिवणकाम करायची. सातवीच्या पुस्तकात होतं तसलंच गणित मी तिला घातलं, साडेतीन मीटर कापड, एका ब्लाऊजला पाऊण मीटर, किती होतील. मी उलटंपालटं करून गुणलं, ७/२ गुणिले ४/३, उत्तर ४ पूर्णांक २/३. म्हटलं आई, चार ब्लाऊज आणि दोन तृतीयांश मीटर कापड उरलं. ती टेपकडे न बघता म्हणाली, अर्धा मीटर उरतं. मी पुन्हा केलं, पुन्हा २/३. भांडलोच आम्ही. शेवटी तिने जुन्या साडीवर खडूने पाऊण पाऊणच्या खुणा केल्या आणि उरलेला तुकडा टेपवर धरला, अर्धा मीटर. मग म्हणाली, तुझं दोन तृतीयांश ब्लाऊजचं आहे गं, मीटरचं नाही, ह्या तुकड्यात बाई बसणार नाही पण दोन तृतीयांश बाई बसेल. शिट्टी झा

पोळपाट:
पाऊण मीटरमध्ये ब्लाऊज? कोण त्या बारीक बायका. मला मीटर लागतो, आणि बाह्या मोठ्या हव्या असतील तर वरती पाव

काठावर_पास:
दोन तृतीयांश बाई 😭

घाटावरची:
शिवणाचा विषय निघालाच आहे तर, पुण्यात कोथरूडच्या बाजूला कुणी वेळेवर देणारा टेलर आहे का? माझा दिवाळीचा ड्रेस अजून 'उद्या' आहे.

पोळपाट:
@घाटावरची व्यक्तिगत निरोप केलाय

दूरदेशी:
जर्मनीतून. इथे आले तेव्हा दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर मिळाली, 'हाल्ब द्राय'. हाल्ब अर्धा, द्राय तीन, म्हणजे साडेतीन असं मनात भाषांतर करून साडेतीनला गेले. तिथली बाई घड्याळाकडे बघते, मी तिच्याकडे. ते अडीच होतं! तिसरा तास अर्धा झालेला. फार ओशाळले. घरी येऊन आईला सांगितलं तर बाबा मागून म्हणाले, मग आपला अडीच तरी काय, संस्कृतातला अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दीडही तसाच, दुसरा अर्धा. आयुष्यभर अडीच म्हणत आले आणि त्यात तीन लपलाय हे दाताच्या दवाखान्यामुळे कळलं. दात काढायचा होता तो महिनाभर राहिला ते वेगळंच.

जुनंपानं:
वा दूरदेशी. आमचे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे म्हणायचे, निमकी म्हणजे अर्ध्याचा. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... औटघटकेचं राज्य म्हणतात ना, तोच औट. साडेतीन घटका, हल्लीची चौऱ्याऐंशी मिनिटं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, शंभराचा रुपया झाला आणि ह्या पाढ्यांची गरजच गेली हळूहळू. वडील मात्र शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत. आणि निमकी ताई, तुमचं नाव खाण्यावरून की पाढ्यावरून?

निमकी:
खाण्यावरून हो काका 🙈 पाढा असतो हे आत्ता कळलं

सहावी_ब:
मी शिकवते, सहावीलाच. धुणं वाळत घालता घालता लिहितेय. निमकी, २/५ वाली दरवर्षी असतात, काळजी नको. माझी फजिती दुसरीच. नोकरीचं पहिलं वर्ष, ३ ÷ १/४ = १२ करून दाखवलं, एक मुलगा म्हणाला बाई, भागल्यावर वाढलं कसं? मी म्हटलं नियम आहे. तो गप्प बसला पण चेहरा पटला नाही असा. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी तीन कागद नेले, म्हटलं ह्याच्यात पावपाव कागदाचे तुकडे किती निघतात बघ. त्याने घड्या घालून फाडले, बारा मोजले, आणि म्हणाला, "म्हणजे वाटलं नाही, मोजलं. मग भागाकार कशाला म्हणता?" मी काय बोलणार? अजूनही त्या धड्याला तीन कागद घेऊनच जाते, पण कुणी तो दुसरा प्रश्न विचारला तर नीट उत्तर जमतंच असं नाही.

गुंठामंत्री:
असली पोरं पुढे तलाठी व्हायला पाहिजेत

शिवणकाकू:
आले. पाच शिट्ट्या झाल्या, डाळीचं पाणी झालं. पोळपाट, आई बिनबाह्यांचे शिवायची गं, आणि अस्तर वेगळं

पोळपाट:
हां मग ठीक. निमकी, तू सांगितलंच नाहीस, पावणेदोन का?

निमकी:
अगं डबा दोन किलोचा आहे, तळाला पाव किलो साखर होती.