केस डायरी आरोपीच्या वकिलाला का दाखवायची नाही?

तालुका_वकील
सत्र न्यायालयात बचावाचं काम करताना एक गोष्ट मला फार छळते. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही, तपासी अंमलदाराजवळ असते, न्यायाधीश ती मागवू शकतात. ज्याची जन्मठेप ठरायची आहे, त्याला मात्र ती बघता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७२ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९२ आलं. आकडा बदलला, बंदी तशीच राहिली.

दोषारोपपत्रात येते ती निवडून, लावून दिलेली गोष्ट. डायरीत रोजचा तपास असतो: पहिल्या दिवशी कोणाकडे चौकशी केली, दुसऱ्या संशयिताला का सोडलं. समजा, खून सोमवारी झाला आणि 'प्रत्यक्षदर्शी'चा जबाब शुक्रवारचा आहे. मधल्या दिवसांत पोलीस त्याला भेटले होते का? भेटले असतील तर तो तेव्हा काय म्हणाला? याचं उत्तर डायरीतच सापडेल, आणि नेमकी तीच माझ्यासाठी बंद. खबऱ्यांची नावं झाका, बाकीची पानं द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

खाकी_निवृत्त
वकीलसाहेब, नावं झाकून भागत नाही. 'रात्री अकराला ढाब्यावर माहिती मिळाली' एवढं वाक्य वाचलं तरी गावाला कळतं की माहिती कोणी दिली. शिवाय डायरीत अशा माणसांचीही नावं असतात ज्यांच्यावर संशय आला आणि जे निर्दोष निघाले. ती उघड झाली तर त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं? उद्या वकील वाचणार हे माहीत असलं की अंमलदार मनातली शंका कागदावर उतरवणारच नाही. मग डायरी म्हणजे दोषारोपपत्राचीच नक्कल होईल, आणि न्यायाधीशांनाही खरं काही दिसणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मुकुंदलाल खटल्यात ही बंदी वैध ठरवली, ती उगाच नाही. न्यायालय स्वतः डायरी मागवून बघू शकतं, हेच आरोपीचं संरक्षण. आणि साक्ष देताना अंमलदाराने डायरी बघून आठवण ताजी केली, तर तेवढ्या भागावर उलटतपासणीचा हक्क तुम्हाला आहेच. किती वकील तो वापरतात?

तालुका_वकील
तो हक्क टाळणं फार सोपं आहे, साहेब. अंमलदार डायरी बाहेर वाचून येतो आणि पिंजऱ्यात म्हणतो, 'मी आठवणीने सांगतो.' हक्क तिथेच संपला. न्यायाधीश डायरी बघतील हे खरं, पण ती पुरावा म्हणून वापरायची नाही, फक्त मदतीला. समोर शेकडो प्रकरणं असताना कोणत्या पानावर काय शोधायचं हे त्यांना कोण सांगणार? ते बचावालाच माहीत असतं.

पैनगंगा
मी फिर्यादीच्या बाजूने हे सगळं बघितलंय. माझ्या आत्याच्या प्रकरणात दोन्ही पंच फितूर झाले. 'सही आमची आहे, पण ठाण्यात तयार कागदावर घेतली,' असं दोघांनी सांगितलं. पंचनामा तिथेच कोसळला आणि आरोपी सुटले. ते खोटं बोलले की पोलिसांनी खरंच घरबसल्या पंचनामा लिहिला, हे आम्हाला आजही कळलेलं नाही.

तरीसुद्धा वकीलदादा, डायरी आरोपीला देऊ नका. आमच्या गावात ती पानं आरोपीच्या भावकीत फिरली असती आणि उरलेले साक्षीदारही गेले असते. मला जास्त भरवसा नव्या संहितेच्या कलम १०५ चा वाटतो. झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. तेव्हा हे असतं तर पंचांना फिरता आलं नसतं, आणि पोलिसांनाही पंचनामा ठाण्यात बसून लिहिता आला नसता.

खाकी_निवृत्त
ताई, तुमचं दुःख समजतं. ठाण्यात बसून पंचनामा लिहिणाऱ्यांची मी बाजू घेणार नाही. त्यांनीच खात्याचा शब्द कोर्टात हलका केला. डायरी बांधीव खंडात आणि पृष्ठांक घालून ठेवायची, हा नियम २००९ च्या अखेरीपासून आहे. तो न पाळता सुटी पानं लावणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण बंदोबस्त, समन्स, मुद्देमाल सांभाळून एकच माणूस दहा गुन्ह्यांचा तपास करतो, हेही बघा. डायरी रात्री उशिरा लिहिली जाते, कधी दोन दिवसांची एकदम.

तालुका_वकील
दोन दिवसांची एकदम लिहिली की मजकूर आठवणीतला राहत नाही, सोयीचा होतो. रिमांडच्या वेळी डायरीतल्या नोंदींची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातेच. त्याच दिवशी त्यांनी प्रत्येक पानावर सही-शिक्का करून एक प्रत मोहोरबंद ठेवावी, म्हणजे निदान नंतर पानं बदलता येणार नाहीत.

पैनगंगाताई, साक्षीदारांची तुमची भीती मला मान्य आहे. म्हणून पूर्ण डायरी नको, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या फौजदारी कामकाजाच्या नियमांच्या मसुद्यात आहे तेवढं तरी द्या: पोलिसांनी जमवलेले पण खटल्यात न वापरलेले जबाब आणि कागद यांची यादी. नुसती यादी.

खाकी_निवृत्त
सही-शिक्क्याला हरकत नाही. प्रामाणिक अंमलदाराचाच त्यात फायदा आहे. यादीला विरोध कायम. न वापरलेल्या जबाबांत खबऱ्याचा जबाब असला तर त्याचं नाव त्या यादीतच येईल.