अंतऱ्याचे शब्द चालीत बसत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. मित्र पेटीवर चाली बांधतो, शब्द माझे. हळदीच्या हंगामावर गाणं करतोय. मुखडा, म्हणजे परत परत येणारं धृपद, मोठ्या अभंगाच्या मापात, म्हणजे ६-६-६-४ अक्षरांत जमला:

हळदीचे पोते । उतरले दारी ।
पिवळी ओसरी । झाली माझी ॥

ताल दादरा. सहा मात्रांत सहा अक्षरं नीट बसतात, आणि शेवटच्या चार अक्षरांनंतर उरलेल्या दोन मात्रांत 'झी' लांबवता येतो. ती ओढ मला फार आवडते, मुखडा तिथंच विसावतो.

अडचण अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात आहे. मित्रानं चाल थेट तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर नेली. तिथं माझी ओळ आहे 'विहिरीत बुडे'. 'वि' आणि 'हि' दोन्ही ऱ्हस्व, वरच्या सुरावर आवाज खुलतच नाही. 'वी' असं ओढून गायलं की शब्दच मोडतो. तिथं आकार, म्हणजे मोकळा 'आ' हवा हे कळतंय, पण विहीर काढली तर पुढचं सगळं चित्र जातं. आईची जात्यावरची ओवी त्याच विहिरीशी जोडलेली आहे.

मित्र म्हणतो शब्द बदल. मला वाटतं, चाल मध्य सप्तकातून, म्हणजे मधल्या सुरांतून उचलून तार षड्ज दुसऱ्या तुकड्यावर घ्यावा, तिथं 'आईची घागर' आहे, 'आ'वर सूर मोकळा लागेल.

तुमच्यापैकी जे भजनी मंडळात गातात किंवा स्वतः चाली लावतात, त्यांना हे पटतं का? अंतरा खालून सुरू केला तर मुखड्यापेक्षा वेगळा वाटेल ना? आणि तुम्ही आधी चाल करता की शब्द?