मदत हवी आहे: विमानाच्या फायरवॉलला भलत्याच जागी भोक पडलंय

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, कॉम्प्युटरची फायरवॉल नव्हे! ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये आरव्ही-७ या दोन सीटच्या छोट्या विमानाचं किट जोडतोय. चौथं वर्ष चालू आहे. (गाडी चार हिवाळे बाहेर बर्फात उभी, त्यावर घरात काय ऐकावं लागतं ते सोडा.) इंजिन आणि आपले पाय यांच्या मधला स्टेनलेसचा पत्रा म्हणजे फायरवॉल. जाडी जेमतेम ०.४ मिमी.

शनिवारी वायरींचा जुडगा आत घ्यायला स्टेप ड्रिलने पाऊण इंची भोक पाडलं. स्टेनलेसवर ड्रिल जोरात फिरवलं की पत्रा आणखी कडक होऊन बसतो, म्हणून सावकाश, तेल सोडत, दाब देऊन. भोक देखणं झालं. रविवारी इंजिन माउंट (इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा) तात्पुरता लावून पाहिला, तर त्याची तिरकी नळी बरोब्बर भोकाच्या तोंडावर. फिटिंग बसायला बोटभर जागा नाही. आठवडाभर मापं घेतली ती सगळी माउंट न लावता!

हे भोक आता बुजवू कसं? अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आणि रिव्हेट घरात पडलेत, पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. कारखान्यातल्या छोट्या विमानांसाठी एफएएची (अमेरिकेच्या सरकारी विमान-नियामक संस्थेची) कसोटी होती २००० अंश फॅरनहाइटची, म्हणजे सुमारे ११०० सेल्सिअसची ज्वाला, १५ मिनिटं. घरी बांधलेल्या विमानाला ती बंधनकारक नाही, तरी तिच्या खाली जायची माझी तयारी नाही.

दुसरं, आवाज आणि उष्णता कमी व्हावी म्हणून केबिनच्या बाजूने चमकीवाला फोम चिकटवायचा विचार आहे. कुणी लावलाय का?

पत्रेवाला: अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको. त्याच जाडीच्या स्टेनलेसची दोन इंची गोल चकती कापा. रिव्हेट स्टीलचे किंवा मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू), १/८ इंची. भोकाच्या कडेपासून रिव्हेटचा मध्य किमान पाव इंच आणि चकतीच्या कडेपासूनही तेवढाच, म्हणजे पावणेदोन इंचात भागतं, पण इतकं काटेकोर कापायला जाऊ नका. चकतीखाली फायर सीलंट (आगीत टिकणारं लुकण) भरा. पेट्रोलच्या टाकीला लावतात तो सीलंट इथे चालत नाही, बरेच जण इथेच फसतात. वायरींसाठी दुसरीकडे पाडाल त्या नव्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसवायची रिंग) नुसतं अडकवू नका. स्टेनलेसची फिटिंग, वर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारी बाही) आणि क्लॅम्प.

उडाणटप्पू: फोम काढून टाका डोक्यातून. आग इंजिनाकडे असली तरी पत्रा लालबुंद होतो आणि मागचा फोम तुमच्या नाकाशी धुमसतो. लावायचंच तर इंजिनाच्या बाजूने सिरॅमिक फेल्ट (न जळणाऱ्या तंतूंची गादी), वर स्टेनलेसची पातळ फॉइल. आणि फायरवॉलमधून केबिनमध्ये गरम हवा सोडणारी हीटरची झडप कसली आहे? अ‍ॅल्युमिनियमची असेल तर चकतीआधी ती बदला. ते भोक तुमच्या भोकापेक्षा मोठं आहे.

धागाकर्ता: झडप बघितली. अ‍ॅल्युमिनियमचीच निघाली! स्टेनलेसची मागवली. चकती कापून ठेवलीय, पण रिव्हेट मारण्याआधी ईएएचे (घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे) टेक्निकल काउन्सेलर शनिवारी येऊन बघणार आहेत. माउंट आता लावूनच ठेवलाय, नव्या भोकाची खूण तो जागेवर असतानाच करतो. फोटो टाकतो.