'होस्ट'ला यजमान म्हणावं का?

तारायंत्र: क्रॉस-कंपायलिंगवर (एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधण्यावर) मराठीत टिपण लिहितोय. इंटेलच्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकासाठी प्रोग्रॅम बांधताना, ऑटोकॉन्फ या अवजाराने बनवलेल्या 'कॉन्फिगर' या तयारीच्या स्क्रिप्टला '--होस्ट' सांगावा लागतो. मी 'यजमान यंत्र' लिहिलं. वाचून मित्र म्हणाला, "म्हणजे लॅपटॉप ना?" नेमकं उलटं! जिथे बांधतो ते बिल्ड, जिथे चालणार ते होस्ट. काय लिहू?

पाटीपेन्सिल: यजमानच ठेवा. मूळ अर्थ यज्ञ करवणारा. पुढे ज्याचं घर तो. प्रोग्रॅम पायच्या घरी राहणार, मग यजमान कोण?

कोकणकडा: आमच्या आईच्या तोंडी 'यजमान' म्हणजे नवरा. त्यापेक्षा माहेर आणि सासर लिहा. माहेरी घडला, सासरी नांदणार.

तारायंत्र: सुंदर! पण '--टार्गेट'?

कोकणकडा: तुम्ही कंपायलरच (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बांधत असाल तर तो लागतो. एरवी सोडून द्या.

अर्धविराम: तुमचा मित्र चुकला नाही. सीमेक या दुसऱ्या बांधणीच्या अवजारात होस्ट म्हणजे जिथे सीमेक चालतं ते, म्हणजे लॅपटॉपच. दोन अवजारं एकच शब्द उलट अर्थाने वापरतात, तिथे भाषांतराने गोंधळ वाढेल. 'होस्ट'च लिहा, आणि कुणाचा ते सांगा.

पाटीपेन्सिल: अवघड दिसला की शब्द तसाच ठेवायचा, मग मराठीत उरणार काय? 'संगणक' तरी रुळलाच ना?

अर्धविराम: रुळला, कारण त्याचा अर्थ एकच होता.

तारायंत्र: आणखी एक अडलंय. कॉन्फिगर छोटे चाचणी-प्रोग्रॅम चालवून बघतो. ते एआरएमचे असल्यामुळे लॅपटॉपवर चालत नाहीत. मग जुन्या ऑटोकॉन्फचा कॉन्फिगर मॅलॉक(०), म्हणजे शून्य बाइट मेमरीची मागणी, नल (रिकामा पत्ता) देते असं धरून आरपीएल_मॅलॉक हे पर्यायी फंक्शन मागतो, आणि ते नसल्यामुळे लिंकिंग (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणं) फसतं. उपाय म्हणून 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस' हे उत्तर आपणच आधी पुरवायचं. याला 'पळवाट' लिहिलंय.

पाटीपेन्सिल: पळवाट नव्हे! पळवाट जबाबदारी टाळणाऱ्याची. पायवरच्या ग्लिबसी या सी भाषेच्या लायब्ररीत मॅलॉक(०) नल देत नाही, हे माहीत असून तुम्ही खरं उत्तर देताय.

अर्धविराम: जुगाड?

पाटीपेन्सिल: हिंदी. शिवाय त्यात कसंबसं भागवल्याचा वास आहे. 'तोडगा' म्हणा.

कोकणकडा: तोडगा आजी दृष्ट लागल्यावर करायची, मीठ-मोहऱ्या ओवाळून. गुण आला तरी का आला ते कुणी विचारत नसे. इथे तर कारण माहीत आहे.

पाटीपेन्सिल: संपाच्या बातमीत रोज 'तोडगा निघाला' छापतात. तिथे कोण मोहऱ्या ओवाळतं?

कोकणकडा: वर्तमानपत्रांनी वापरला म्हणून आजीचा अर्थ मरत नाही.